वारेजवळचा दिवा

रान तुम्ही पेटवलंत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना 'ही बाई शेवटी म्हणणार तरी काय' असा प्रश्न तुम्हाला पडायला नको. रान तुम्ही पेटवलंत आणि कोठडीत माझा भाऊ बसलाय. गियोनो. तुमच्या माणसांनी त्याला आग लावणारा म्हणून उचललं तेव्हा त्याच्या मुलीनं मानसुद्धा धरली नव्हती. तुमचं म्हणणं असं, की आग तिच्या दिव्यानं लागली. म्हणजे सरळ बोलायचं तर तिच्या जन्मानं लागली. एवढंसं मूल, त्याच्या डोक्यावर अख्खं जळकं रान ठेवून तुम्ही मोकळे.

मी ते तिथं राहू देणार नाही.

आम्ही फार झालो, असं पहिल्यांदा सांगितलं ते तुम्हीच. जावातल्या आमच्या गावात चावडीच्या भिंतीवर पाटी होती, 'दोन मुलं पुरेत'. आम्ही भावंडं त्या पाटीखालीच लपंडाव खेळायचो, एक जण पाटीखालच्या भिंतीला तोंड लावून आकडे मोजायचा. शेताच्या वाटण्या होत होत बापाच्या वाट्याला इतकी चिंचोळी पट्टी आली होती, की नांगर वळवताना रेड्याचा पाय चुलत्याच्या भातात पडायचा आणि दोन घरं आठवडाभर बोलायची नाहीत. मग तुमचा सरकारी माणूस आला. म्हणाला, "समुद्रापलीकडं कालिमंतानला जमीन ओस पडलीय, घ्या, घर देतो, फावडं देतो, तांदूळ देतो." ओस म्हणे! तिथं डायाक लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. त्यांना तुम्ही विचारलं नव्हतंत, आणि आम्हाला सांगितलं नव्हतंत.

बोटीतून उतरल्यावर बापानं पहिलं फावडं मारलं ते दांड्यापर्यंत आत गेलं. बाप हसला. "लोण्यासारखी जमीन आहे पोरांनो!" त्या हसण्याची मला अजून लाज वाटते, त्याच्यासाठी. ती जमीन नव्हतीच. जंगलाची पानं, फांद्या, मुळ्या पाण्यात पडून कुजत राहिल्या, त्याचा माणसाहून खोल काळा थर. इकडे त्याला गाम्बुत म्हणतात. पाण्यात भिजलेला आहे तोवर शांत. कोरडा पडला की चुलीतलं जळण. लावलेलं भात पिवळं पडून बसायचं आणि विहिरीचं पाणी बिनदुधाच्या चहासारखं.

आणि अशा जमिनीतून तुम्ही कालवा खणलात. तोडलेलं लाकूड वाहून न्यायला. लाकूड गेलं, त्यामागून पाणी गेलं. आमची घरं अधांतरी दिसायला लागली, कारण खालची जमीन बसत चालली होती. दरवर्षी दारापुढे एक पायरी वाढवायची. नारळ दारुड्यासारखे कलले. उगांग नावाचा डायाक माणूस बोटीतून मासे विकायला यायचा. आमच्या पायऱ्या बघून एकदा बापाला म्हणाला, "पाक," थोरल्या माणसाला इकडे असंच म्हणतात, "अजून थोडे दिवस थांबा, वरून देवाशीच बोलता येईल." बाप हसला नाही. मासे मात्र घेतले.

आम्ही काही फार शहाणे होतो असं नाही. आम्हीही वाढलो. पोरं मोठी झाली, त्यांची लग्नं झाली, त्यांना जमीन पाहिजे. कालव्याच्या कडेनं आत आत सरकलो, आणि दर उन्हाळी तुकडा मोकळा करायला काडी लावली. माझ्या नवऱ्यानं लावली, शेजाऱ्यानं लावली, गावप्रमुखानं लावली. नदीतले मासे संपले तसा उगांग यायचा बंद झाला. हे मी झाकून ठेवत नाही. पण यंदाची आग आमची नव्हती. यंदा कुणी काडीपेटी बाहेर काढायची हिंमत केली नव्हती, इतकं सगळं वाळलं होतं.

आणि त्यातच वार्सिनी बाळंत झाली.

वार्सिनी माझी भावजय. मूल सुखरूप बाहेर आलं, मुलगी, भरपूर जावळाची. मग वार पडली आणि ती सुईणीनं नेहमीसारखी गियोनोच्या हातात दिली. वार धुणं, पुरणं हे आमच्यात बापाचं काम. वार म्हणजे मुलाचं भावंड. पोटात त्यानंच सांभाळलेलं असतं, बाहेर आल्यावर त्याला टाकून देत नाहीत. गियोनो दुसऱ्यांदा बाप झालेला, पण परातीत धुताना ती सारखी त्याच्या हातून निसटत होती.

"अरे, मासा नाहीय तो," मी म्हटलं. "हळू."

"ताई, तू गप. मागच्या खेपेला तू बोललीस म्हणून मोठा एवढा बडबड्या झालाय."

गाडग्यात मीठ, हळद, केळीचं पान. सुई-दोरा टाकायचा, म्हणजे मुलगी कामसू होते. आतून वार्सिनीचा आवाज आला, "पाकने, सुई टाकू नका हं! मला शिवता येत नाही, तिच्याच मागं कशाला?"

आमच्याकडे बायको नवऱ्याला अशीच हाक मारते, पोरांचा बाप म्हणून.

"मग काय टाकू?"

"पेन्सिल टाका. आणि एक मिरची. तोंड असू दे तिखट."

"तिखट तोंडाची एक घरात आहे, दुसरी कशाला?" गियोनो म्हणाला, पण मिरची टाकली. मी पाहिलंय.

मुलीचं गाडगं दाराच्या डाव्या अंगाला पुरलं. वर बांबूची टोपली पालथी आणि टोपलीत दिवा. नाळ पडेपर्यंत तो विझू द्यायचा नाही, नाहीतर भावंड अंधारात राहतं आणि बाळ रडतं. जावात आमची पणजी ओल्या मातीत असे दिवे लावायची. माती ओली, दिवा निवांत. इथं गियोनोला कळत होतं हो! तुम्हाला वाटतं आम्ही येडे आहोत. त्यानं आधी खाली पत्रा अंथरला, पत्र्यावर रेती, रेतीवर वीट आणि विटेवर दिवा. गावप्रमुख पाक मार्तो तेव्हा तिथंच होते. म्हणालेसुद्धा, "आजकाल लोक बल्ब लावतात रे."

"वीज येते तेव्हा बल्ब लावतील," गियोनो म्हणाला. "आपल्याकडे कधी येते ते तुम्हीच सांगा, पाक."

मुलीचं नाव ठेवलं पुर्वान्ती. शेजाऱ्यांना भात वाटला.

नाळ अजून पडायची होती. एका सकाळी मी त्यांच्या परसात भांडी घासायला बसले तर तळव्याला ऊब लागली. वाटलं, ऊन आहे. मग जागा बदलली, तिथंही ऊब. परस कालव्याच्या बाजूला आहे, हे लक्षात ठेवा. ऊब आधी परसात लागली. मी उठून हे सांगायला घरात शिरते तोवर समोरून शेजारीण ओरडली, "गियोनो! अरे तुझ्या दारातून धूर!"

दाराच्या डाव्या अंगाला, टोपलीच्या जवळ, जमिनीतून धुराची बारीक रेघ वर येत होती. सगळे जमले आणि सगळ्यांनी दिव्याकडे बघितलं. गियोनोचा चेहरा पांढराफटक. तो फावडं घेऊन धावला.

वार्सिनी दारात आली. पोर खांद्यावर, पोटाला पट्टा घट्ट बांधलेला.

"हात लावायचा नाही."

"वार्सिनी, खाली पेटलंय."

"तिची बहीण आहे ती. नाळ पडली नाही अजून. उकरलीत तर हिला काही झालं म्हणजे?"

"नाही उकरली तर घर जाईल! घर गेलं तर हिला काही होणार नाही?"

"पाणी ओता."

"कुठलं पाणी?" तो ओरडला. कालवा तळापर्यंत आटलेला, विहिरीत दोर टाकला तर कोरडी बादली वर येत होती. "सांग ना, कुठलं पाणी? थुंकू का?"

शेजारीण म्हणाली, "बाळंतिणीवर ओरडू नको रे."

"मग कुणावर ओरडू, मावशी? ह्या जमिनीवर ओरडू?"

मुलगी रडायला लागली. त्या दोघांच्या मध्ये मी उभी. धूर जाड होत चालला होता. ज्यांच्या घरी कधी मूल जन्मलंय त्यांनाच कळेल की तो प्रश्न साधा नव्हता. जे परत उकरायचं नसतं ते उकरावं, की ज्या घरात बाळ झोपतं ते जळू द्यावं. वार्सिनीनं मुलीला माझ्या हातात दिलं.

"उकरायचीच असेल तर मी उकरते. माझ्या अंगातली आहे."

आणि बसली उकिडवी. टोपली बाजूला, दिवा बाजूला, वीट, रेती, पत्रा बाजूला. हातानं उकरायला लागली. गियोनो शेजारी गुडघे टेकून, हात पुढे करायचा आणि मागे घ्यायचा. मला वाटत होतं, आता निखारे निघतील आणि हिची बोटं भाजतील.

पत्र्याखालची माती गार होती.

गाडगं गार होतं. वार्सिनीनं झाकण काढलं, आधी आमच्याकडे बघितलं, मग आत. केळीचं पान हिरवं होतं. ताई, बघा, हिरवं आहे, असं ती म्हणत राहिली. वास होता, असणारच. पण पान करपलेलं नव्हतं, दोरा जळलेला नव्हता. मिरचीसुद्धा लाल होती.

"इथून नाही लागली," गियोनो म्हणाला. मग मोठ्यानं म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "इथून नाही लागली!" तो हसत होता की रडत होता देव जाणे.

मग त्यानं फावड्यानं चर खणला. धूर जिथून येत होता तिथून घराच्या खाली, स्वयंपाकघराच्या खाली, परसाकडे. फावडं मारलं की आत लाल दिसायचं, मुळ्यांमधून सरकत आलेलं. सगळं कालव्याच्या सुक्या तळाकडून आलेलं होतं. घराखालून येऊन ते दाराशी वर निघालं होतं, बस्स. आम्ही चर खणत असतानाच स्वयंपाकघर चुलीसकट खाली बसलं. आवाजसुद्धा झाला नाही. नुसतं गेलं.

गियोनो चर सोडून कालव्याकडे पळाला. मी त्याच्या मागे. पुलावरून पलीकडं गेलो तर दिसलं. तुम्हाला माहीत आहे काय दिसलं ते, पण ऐकाच. रान आडवं केलेलं. लांबच लांब ओळींत लाकडांचे ढीग, आणि ते ढीग जळत होते. माती उपसायची यंत्रं उभी. नवी पाटी, नव्या वस्तीची. तोंडाला फडकी बांधलेली पोरं एका ढिगाकडून दुसऱ्याकडे टेंभा नेत होती.

"ए, विझवा! आमच्या घरांखाली आलंय!"

त्यातला एक जण जवळ आला. जावाचाच, आमच्याच बोलीचा. "दादा, घरी जा. वरून हुकूम आहे. बोट निघालीय, माणसं येतायत. त्यांना जागा नको का?"

"आणि आम्ही?"

"तुम्हाला दिली ना एकदा."

हे गियोनोनं ऐकलं. मी ऐकलं. म्हणजे जावात अजून माणसं मावत नाहीत आणि अजून तुम्ही तेच करताय. गर्दी एका जागेवरून उचलायची, दुसऱ्या जागी ओतायची, आणि ओतायला जागा पाहिजे म्हणून जंगल जाळायचं. ते जंगल जळताना त्याच्या धुरात आधी ओतलेली माणसं खोकत बसतात, त्याचं तुम्हाला काय?

गियोनो गप्प बसला नाही. गावात सांगत सुटला, बाजारात सांगितलं, शाळेच्या मास्तरला सांगितलं. त्यांचं उरलेलं घरही खचलं. वार्सिनीनं गाडगं माझ्या घराच्या वळचणीला टांगलं, कारण पुरायला जमीन उरली नव्हती, जिथं खणावं तिथं ऊब. आणि मग तुमचे लोक आले. नाकातोंडावर चांगल्यातले मुखवटे, आम्हाला एकही नाही. त्यांना कालवा बघायचा नव्हता. त्यांनी टोपलीचा फोटो काढला. दिव्याचा काढला, विटेवर ठेवून. "हा कुणाचा?"

पाक मार्तोंनी मला बाजूला घेतलं.

"बू," ते म्हणाले, मोठ्या बाईला म्हणतात तसं, "तुम्ही मध्ये बोलू नका."

"तुम्ही समोर होतात. पत्रा घालताना, रेती घालताना."

"होतो."

"मग सांगा की त्यांना."

"बू, ह्या गावात ज्यानं कधी काडी लावली नाही असं एक घर दाखवा. सगळ्यांचं उकरून काढतील. एक जण दिला तर बाकीचे सुटतात."

"तुमच्या मुलाला द्या मग. त्याची रोपं तर तुमच्या डोळ्यांदेखत जाळलेल्या तुकड्यावर उभी आहेत."

पाक मार्तो खाली बघायला लागले. वाईट माणूस नाही तो. वाईट माणूस असता तर मला सोपं गेलं असतं. गियोनोला नेलं तेव्हा तो त्याच्यासाठी सिगारेटचं पाकीट घेऊन बोटीपर्यंत धावत गेला.

आम्ही शहरात गेलो ते नदीनं. समोरची बोट दिसत नव्हती, नावाडी सारखा भोंगा वाजवत होता. पुर्वान्तीला ओल्या फडक्यात गुंडाळलेलं, आणि त्या फडक्यातूनही तिचा खोकला यायचा. मांजराचं पिल्लू खोकतं तसा. वार्सिनी सगळी वाट तिच्या छातीवर हात ठेवून होती. मला एकच विचारत होती, "श्वास चालू आहे ना, ताई? तुम्ही बघा. मला माझाच ऐकू येतो."

तुमच्या कचेरीतला साहेब सज्जन होता. बसा म्हणाला. बाळाला बघून च्‌च्‌ केलं. गियोनोला बाहेर आणलं, दाढी वाढलेली.

"हे बघ, गियोनो," साहेब म्हणाला, "कुणी म्हणत नाही तू मुद्दाम केलंस. दिवा कलंडला. नजरचूक. तेवढं सगळ्यांसमोर कबूल कर आणि घरी जा. घर गेलं म्हणे तुझं? नव्या वस्तीत पहिलं घर तुला."

"कुठल्या नव्या वस्तीत?" मी विचारलं.

"कालव्यापलीकडच्या."

गियोनोनं मुलीकडे बघितलं. तिनं नेमकी तेव्हाच जांभई दिली. त्याचा चेहरा असा काही विरघळला, की मला कळलं, हा आता हो म्हणणार.

"म्हणतो, साहेब. दिवा कलंडला. एवढंच ना?"

"पाकने," वार्सिनी म्हणाली.

"मला घरी यायचंय गं."

"घर आहे कुठं?"

"तू आहेस, पोरं आहेत. दोन शब्द बोलायचे. कुणाचं काय जातं?"

"हिचं जातं." तिनं मुलीला जरा वर उचललं, त्याला नीट दिसेल असं. "गावात ज्याच्या ज्याच्या घरात म्हातारं खोकतंय, तो तो म्हणेल, हिच्या दिव्यानं. शाळेत म्हणतील. लग्न ठरवताना म्हणतील. तुम्ही घरी याल, आणि ही जन्मभर तिथं बसेल, तुमच्या जागेवर. मी माझ्या हातानं उकरलं, पाकने. पान हिरवं होतं."

साहेबानं घड्याळ बघितलं. मग गियोनोनं तोंडावरून हात फिरवला.

"साहेब, दिवा कलंडला नाही. दिवा जिथं ठेवला तिथंच होता. आग पलीकडून आली. कुठून आली ते मी दाखवतो, चला माझ्याबरोबर."

साहेबाचा सज्जनपणा तिथं संपला. "तुम्हा लोकांना एवढी पोरं होतात, मग एवढी जमीन लागते, मग रान जळतं. आणि वर आम्हाला शिकवता!"

"आम्हाला बोटीत कुणी घातलं?" मी म्हटलं. "सांगा की. पोहत आलो का आम्ही?"

आम्हाला बाहेर काढलं. गियोनोला आत नेलं. जाताना त्यानं वळून वार्सिनीकडे बघितलं आणि मान हलवली, बरोबर बोललीस अशी. त्याचा एक हात मात्र अजून पुढेच होता. मुलीला घ्यायला पुढे केलेला, तसाच राहिलेला.

धक्क्यावर आलो तर तुमची बोट लागली होती. गाद्या, हंडे, पिंजऱ्यातल्या कोंबड्या, पोरं. धुरातून माणसं उतरत होती आणि धूर बघून हसत होती, नवख्या जागेत हसतात तशी. एक पोटुशी बाई माझ्याजवळ आली. सातवा-आठवा असेल.

"बू, तुम्ही इथल्याच ना? जमीन कशी आहे इथली?"

मी सांगितलं. फावडं कुठवर जातं ते, पाण्याचा रंग, पायऱ्या, सगळं. तिचा नवरा मध्ये आला. "मावशी, आम्ही तिकडचं सगळं विकून आलोय. पहिल्याच दिवशी असलं नका बोलू." आणि तिला दंडाला धरून घेऊन गेला. ती मात्र दोनदा वळून माझ्या भावजयीच्या कडेवरच्या खोकणाऱ्या पोरीकडे बघत गेली.

म्हणून आता तुम्हाला विचारते. पत्रक नको, भिंतीवरची पाटी नको. कालव्यापलीकडचे ढीग कुणाच्या हुकमानं पेटले, त्याचं नाव सांगा. ज्या घरी उद्या ती बाई बाळंत होईल, त्या घराखाली काय जळतंय ते तिच्या नवऱ्याला कोण सांगणार, ते सांगा. आणि ज्यानं फक्त खरं सांगितलं त्या माणसाला तुम्ही कुठल्या गुन्ह्यासाठी धरून ठेवलंय, तो कधी सुटणार, हे वार्सिनीच्या समोर येऊन, मुखवटा काढून, तिच्या डोळ्यांत बघून सांगा.

धक्क्यावरून परत येऊन ती कचेरीच्या पायरीवर बसलीय, मुलीला घेऊन. मी तिच्या शेजारी. आम्ही उठणार नाही. बोला.